माशांच्या मोजणीआधीचं जेवण

नदी अडवण्यापूर्वी तिचं काय बिघडेल हे तपासणं सुधारलेल्या देशाचं लक्षण आहे. आमचा पेरू देश सुधारलेला असल्यामुळे सांता ब्रिखिदा या आमच्या गावीही अशी तपासणी झाली.

आधी नियोजनाची सभा भरली आणि कामं वाटली गेली. धरण कंपनी बांधणार. त्याने काय बिघडेल ते कंपनीने नेमलेले तज्ज्ञ सांगणार (दुसऱ्याने नेमले असते तर त्यांना कंपनीची अडचण कशी कळणार?). ते बरोबर आहे असं मंत्रालय म्हणणार. गावाने हजर राहायचं आणि जेवण द्यायचं. इतकी चोख वाटणी आमच्याकडे लग्नातही होत नाही.

नियमही न्यायाचा होता. गावच्या डोहात मोठे दोन्सेया मासे सापडले, तर धरण दुसरीकडे न्यायचं. नाही सापडले, तर डोह गेला. अख्खं गाव त्या डोहावर जेवतं.

मोजणीच्या आदल्या दुपारी इंजिनियर उगार्ते आपली माणसं घेऊन उतरले. (ते माशांचे तज्ज्ञ, पण आमच्याकडे बूट घालून येणारा प्रत्येक जण इंजिनियरच.)

"पाहुण्यांपुढे बोटभर मासळी ठेवायची?" गावप्रमुख एर्मोखेनेस गरजला. "लीमाला जाऊन काय सांगतील?"

झालं. सगळ्या होड्या डोहात उतरल्या. मोठे तेवढे मासे काढले, पानांत गुंडाळून भाजले. उगार्तेसाहेबांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि असा दोन्सेया लीमात मिळत नाही, असं सर्वांसमक्ष जाहीर केलं. आमचा ऊर भरून आला.

सकाळी त्यांनी शास्त्रशुद्ध जाळं टाकलं. एक बूट निघाला (त्यांचाच). त्यांनी लिहिलं: दोन्सेया, शून्य.

मासे भाजणारी कसिल्दामावशी पुढे आली. "अरे लेकरा, काल काटे चोखत होतास, ते काय झाडाला लागले होते?"

"मावशी, पोटातला मासा मोजणीत धरत नाहीत. नमुना जाळ्यातूनच यावा लागतो."

"मग उद्या परत मोज. उपाशी ठेवते तुला."

"मुदत आजच संपते, मावशी."

"पाहुण्याशी असं बोलतात का?" एर्मोखेनेस तिच्यावर खेकसला आणि उरलेला एकुलता एक दोन्सेया साहेबांना वाटेत खायला बांधून दिला.

आता कायद्याप्रमाणे अहवालाचा सारांश सोप्या भाषेत जनतेपुढे ठेवावा लागतो. मला सोपीच भाषा येत असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. तो सारांश हाच. आक्षेप असल्यास वाचता वाचता नोंदवायचा होता; जे नुसतेच हसले, त्यांची संमती धरली आहे.