चाळीस नंबरचा घसा

घशाच्या दवाखान्यातली इंग्रजी प्रश्नावली मनोहररावांनी मराठीत आणली होती. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच आकडे, शेवटी काही सांगायचं असल्यास मोकळी जागा. भाषांतर पक्कं ठरायचं, तर चाळीस रोग्यांनी तोच फॉर्म चौदा दिवसांनी पुन्हा भरायचा, आणि उत्तरं जुळायला हवीत. भरताना रोग्याशी अवाक्षर बोलायचं नाही, ही डॉ. लतिकाबाईंची सक्त ताकीद. चाळीस जोड्या जुळल्या की मनोहररावांची हंगामी नोकरी कायम होणार होती.

एकोणचाळीस जुळल्या. चाळिसावा फॉर्म उमरेडहून टपालाने आला. चंपतराव ठवकर, तारीख सतरा. दहाही आकडे हुबेहूब. औषध न्यायला आलेले देवाजी उमरेडचेच. मनोहररावांनी कौतुकाने त्यांना फॉर्म दाखवला.

"तुमच्या गावचा माणूस. किती नेमका!"

देवाजींनी तारीख पाहिली आणि कागद बोटाच्या टोकाने परत सरकवला.

"बाबू, सतरा तारखेले तं याची तेरवी होती गा. मी जेवून आलो ना."

"दुसरे कोणी चंपतराव असतील."

"ठवकर एकच. पाच तारखेले अटॅक आला. घाटावर मी सोता होतो."

देवाजी गेल्यावर मनोहररावांनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. अक्षर तेच, थरथरतं. 'आडवे झाल्यावर घशात काही अडकते का?' पाच. 'आणखी काही सांगायचे आहे का?' पहिल्या वेळी ही जागा कोरी होती. आता तिथे लिहिलं होतं : 'आता लय शांत वाटते. कोणी बोलत नाही.'

मनोहररावांच्या घशात गोळा आला, तो उतरेना. सांगावं तर जोड्या एकोणचाळीस. त्यांनी दोन्ही फॉर्म टाचून लतिकाबाईंच्या टेबलावर ठेवले.

लतिकाबाई मात्र खूश. "चाळीस नंबरला कार्ड टाका. सोमवारी घसा बघते."

मेलेल्या माणसाला 'समक्ष यावे' असं लिहून मनोहररावांनी कार्ड पेटीत टाकलं. दोन दिवस त्यांना चहाही गिळवेना.

सोमवारी लतिकाबाई म्हणाल्या, "हाक मारा."

"चंपतराव ठवकर!"

बाकांवरची कुजबुज थांबली. दाराआडून खरखरीत आवाज आला, "हाव."

मनोहररावांनी टेबलाची कड धरली. आत आली एक बाई. कपाळ मोकळं, हातात ते कार्ड.

"मी प्रयागबाई. ते गेले. घसा माहा हाय. दोन्ही फारम मीच भरले."

"मग नाव त्यांचं कसं?" मनोहररावांनी विचारलं.

"लायनीत ते उभे राह्यले, चिठ्ठी त्यायच्या नावानं फाटली. राशनकार्ड त्यायच्या नावानं, घर त्यायच्या नावानं. म्या म्हटलं, घसाबी त्यायच्याच नावानं असन. तुमी तं काई बोललेच नाई."

"आणि ते 'कोणी बोलत नाही'?"

"तीस वर्सं रेडिओवानी चालू होते. मले बोलू देतच नोहते." तिने पदर सारखा केला. "आता बोलाले जागा हाय, तं आयकाले कोणी नाई. गोळा हाय तिथंच हाय."

लतिकाबाईंनी फॉर्मावरचं 'पुरुष' खोडून 'स्त्री' लिहिलं. "चाळीस पूर्ण, मनोहरराव. तुमची शिफारस आजच जाईल."

मनोहररावांनी आभार मानायला तोंड उघडलं. खाकरले. पुन्हा खाकरले. शब्द फुटेना.

प्रयागबाईंनी गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म काढून त्यांच्यापुढे सरकवला.

"भरा, बाबू. मी काई बोलत नाई."