छप्पर वाचवणारा सिनेमा

२००९ च्या मार्चमध्ये लाइल टॉर्गरसनने सगळ्या टॉर्विल गावाला सांगून टाकलं, की कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या क्लबचं गळकं छप्पर आता तो वाचवणार. छप्पर दुरुस्त करायचं की क्लबला कुलूप लावायचं, हे शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये हात वर करून ठरायचं होतं. त्याआधी लाइलने बनवलेला सिनेमा दाखवायचा. सबंध हिवाळा तो कॅमेरा घेऊन हिंडला होता. घरटी एक माणूस सिनेमात होता. शिवाय बर्फावरून घसरत जाणारे दगड, त्यांच्यापुढे झाडू घासत धावणारे खेळाडू, आणि अधूनमधून लाइलचे विचार.

"हे बघून कोणाचा हात खाली राहतो ते बघतोच," तो म्हणाला.

सिनेमा घरच्या संगणकावर होता आणि पडद्याला जोडायचा लॅपटॉप पाद्रीबाईंचा. सिनेमा इथून तिथे न्यायचा, एवढंच काम. लाइलने गावातल्या दुकानातून बोटाएवढा पेन ड्राइव्ह आणला. संगणकाने कळवलं, फाइल फार मोठी आहे.

"मग मोठा आण," व्हर्ना, त्याची बायको, म्हणाली.

त्याने चौपट मोठा आणला. फाइल फार मोठी आहे. शुक्रवारी तो गाडी काढून थेट सास्काटून शहराला गेला आणि विटेएवढी हार्ड डिस्क घेऊन आला. यात अख्खं ग्रंथालय मावेल, असं विक्रेत्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. फाइल फार मोठी आहे.

लाइल मटकन खुर्चीत बसला. "ग्रंथालय मावतं आणि आपला क्लब मावत नाही."

"संगणकच उचलून ने की हॉलमध्ये."

"वायरी लोंबकळत? घर बदलतोय का मी?"

"मग जनेलला फोन कर." मुलगी कॅलगरीत संगणकाचंच काम करायची.

"तिला सायकल मी शिकवली. आता ती मला शिकवणार?"

मग लाइल सिनेमा कापायला बसला. आधी पाद्रीबाईंची प्रार्थना गेली. देवाला ती पाठ होतीच. मग मेहुणी मारूशाचे पिरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या.

"मारूशा रागावेल," व्हर्ना म्हणाली.

"क्लब वाचला की बोलेल."

हॅन्सन भाऊ गेले. आयुष्यभर क्लबचा बर्फ जमवणारा म्हातारा इव्हान गेला. जागा व्हावी म्हणून लाइलने संगणकावरचं मूळ चित्रणही पुसून टाकलं. तरी फाइल मोठीच.

"आता मीच उरलेय," व्हर्ना म्हणाली.

"तू समजूतदार आहेस," लाइल म्हणाला, आणि सिनेमा मावला.

शनिवारी हॉल खच्चून भरला. मारूशा ठेवणीतला स्कार्फ बांधून पहिल्या रांगेत. दिवे मालवले. पडद्यावर लाइल आला, बर्फाविषयी बोलला. एक दगड घसरत गेला. लाइल छपराविषयी बोलला. माना उंचावून लोक आपापल्या चेहऱ्याची वाट बघत राहिले. मग दिवे लागले.

"एवढंच?" मारूशाने विचारलं.

"जागा नव्हती."

"तुझ्यापुरती बरी होती रे."

हात वर करा म्हटल्यावर लाइलचा वर गेला, आणखी दोन-चार गेले. व्हर्नाने पर्समध्ये रुमाल शोधायला घेतला. तो सापडेपर्यंत मोजणी संपली होती.

रविवारी जनेलचा फोन आला. "बाबा, जागेचा प्रश्नच नव्हता. अशा डिस्क दुकानातून येतात तशाच वापरल्या, तर चार जीबीहून मोठी एक फाइल घेत नाहीत. मग डिस्क केवढीही असो. फॉरमॅट बदलायचा फक्त. कॉफी ओतेपर्यंत झालं असतं."

लाइलने विचारलं, "पुसलेलं परत येतं का गं?"

"त्याच्यावर पुन्हा काही सेव्ह केलंत?"

"दर कापणीनंतर."

"मग नाही, बाबा."

क्लबचं खताचं गोदाम झालं. इव्हान त्याच वर्षी वारला; त्याच्या मुलांनी वडिलांचं चित्रण मागितलं, तेव्हा लाइल घरात असून व्हर्नाने तो बाहेर गेल्याचं सांगितलं. पाद्रीबाई मॅनिटोबाला गेल्या. मारूशा पिरोगी पाठवत राहिली, पण एकीला पुरतील एवढेच. मग व्हर्नाही देवाघरी गेली.

लाइल आता जनेलकडे राहतो. विटेएवढी डिस्क त्याच्या उशाशी असते. कधी व्हर्नाची फार आठवण आली की तो ती लावतो. पडद्यावर लाइल येतो आणि बर्फाविषयी बोलतो. जनेल म्हणते, डिस्क अजून जवळजवळ रिकामीच आहे.