बिनपायांच्या चालकाचं अपहरण

"बोहुसलेनच्या या किनाऱ्यावर गुन्हे का घडत नाहीत, माहीत आहे?" सिक्स्टन ब्रोलुंड भेटेल त्याला विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकायचे, "कारण मी इथे राहतो!"

जन्मभर बोटीवर तिकिटं तपासलेला हा माणूस निवृत्त झाल्या दिवसापासून गुप्तहेर झाला होता. माणसाच्या नुसत्या बुटांवरून तो विनातिकीट आहे की नाही हे आपण ओळखतो, असं ते छातीठोकपणे सांगत. बूट बघून झाल्यावर ते तिकीटही मागत, ही गोष्ट वेगळी. त्याला ते 'पडताळा' म्हणत. आपल्याला आजवर कोणी मामा बनवू शकलं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांची भाची तोरुन म्हणायची, "कसं बनवणार? तुम्ही आधीपासूनच आहात ना."

ही तोरुन विकांदर व्यवसायानं दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांच्या तोंडाचं काम केलं की संध्याकाळी तिची स्वतःची गाडी टेबलावर यायची. रिमोटवर चालणारी, बुटाच्या खोक्याएवढी आणि वेग असा, की गोगलगायीनं मागून येऊन वाट मागावी. पण ही गाडी दगड चढायची. सरळ उभे, निसरडे, पाहूनच माणसाचे गुडघे दुखावेत असे दगड. तोरुननं अख्खा हिवाळा तिच्यामागे घालवला होता. पुढच्या चाकांत पितळी वजनं भरली, टायरच्या आतला स्पंज बदलून मऊ घातला आणि बॅटरी काढून पार पुढे, खाली बसवली. तिथे चालकाच्या बाहुल्याचे पाय येत होते. तिनं पाय कापले. मग तिलाच वाईट वाटलं, म्हणून भरपाईदाखल तिनं त्याला कवळीच्या मालमसाल्यातून बत्तीस दात करून दिले. तेव्हापासून हा बाहुला, म्हणजे ॲडमिरल, अखंड हसत असे.

आणि आज, जुन्या दगडखाणीत भरलेल्या अशा गाड्यांच्या स्पर्धेत तोरुन पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचली असताना, ॲडमिरल गायब झाला.

उपान्त्य फेरीच्या शेवटी गाडी कड्यावर उलटली होती. तोरुननं ती रिमोटवरच कशीबशी सरळ केली, चढवली, उचलून टेबलावर आणली. पाहते तर सीट रिकामी! खिडकीतून पडला असेल म्हणून तिनं कड्याखालचा कोपरा न् कोपरा शोधला. काही नाही.

"चालकाशिवाय गाडी फेरीत उतरवता येणार नाही," पंचबाई म्हणाल्या. "नियम आहे. अंतिम फेरीत तुझ्याआधी रुने उतरतोय, त्याचं संपेपर्यंत थांबते. मग तुझा नंबर."

"कोणी कशाला हात लावू नका!" सिक्स्टनमामा गरजले आणि स्वतः प्रत्येक गोष्टीला हात लावत सुटले. "हे अपहरण आहे."

"मामा, कुठेतरी पडला असेल हो."

"पडला असता तर सापडला असता. स्वतःहून पळून जायला त्याच्याकडे कारण होतं. तू त्याचे पाय कापलेस."

"पाय नाहीत तर पळेल कसा?"

"वा!" मामांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शिकतेयस. तो पळाला नाही, म्हणजे त्याला पळवला!"

पहिला संशय एका समुद्रपक्ष्यावर गेला. तो खाणीच्या काठावर बसून 'नको तितका निवांत' दिसत होता. मामांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्यानं मामांकडे रोखून पाहिलं. आधी मामांनीच नजर वळवली. दुसरा संशय पंचबाईंवर, कारण त्यांच्यावर कोणीच संशय घेत नव्हतं. तोवर रुने हेदलुंड आपली फेरी संपवून आला आणि मामांचे डोळे चमकले.

रुने बस चालवायचा आणि वर्षानुवर्षं ही स्पर्धा जिंकायचा. सकाळी तोरुनच्या गाडीकडे बघून तो म्हणाला होता, "कवळीवाल्या बाईची गाडी दगड चावणार वाटतं!" सगळे हसले होते. तोरुनही हसली होती, पण ते तिला आतून लागलं होतं. आज जिंकायचंय, ते या हसण्याला उत्तर द्यायलाच, हे तिनं मामांनाही सांगितलं नव्हतं.

"तुझा चालक हरवला म्हणे," रुने म्हणाला. "माझ्याकडे जादाचा आहे. हा घे."

त्यानं खिशातून विणलेला स्वेटर घातलेला एक बाहुला काढला.

"बघितलंस?" मामा तोरुनच्या कानात कुजबुजले, ते रुनेलाच काय, पंचबाईंनाही ऐकू गेलं. "गुन्हेगार नेहमी मदतीला येतो!"

"आणि निरपराध माणूस काय करतो?" रुनेनं विचारलं.

"तोही येतो. तिथेच तर फसायला होतं."

तोरुननं बाहुला बसवून पाहिला. पाय बॅटरीला अडत होते. ती रुनेकडे बघायला लागली.

"काप," रुने म्हणाला. "दुसरं काय करणार? पण स्वेटरला धक्का लावू नकोस. मायब्रिटनं विणलाय, मला घराबाहेर काढेल."

तोरुननं बाहुल्याचा स्वेटर अलगद वर सरकवला. तिनं करवत उचलली. तेवढ्यात रुनेची बायको मायब्रिट कॉफीचा थर्मास आणि दालचिनीचे बन घेऊन मामांच्या मागून आली आणि जागीच थबकली.

"सिक्स्टन," ती हळूच म्हणाली, "तुमच्या पाठीवर कोणीतरी हसतंय."

मामा गर्रकन वळले. पाठही त्यांच्याबरोबर वळली. मायब्रिटनं त्यांच्या जाकिटाच्या मागे लोंबणाऱ्या टोपीत हात घातला आणि ॲडमिरलला बाहेर काढलं. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत.

"मामा," तोरुन एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "गाडी उलटली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"कड्याखाली. वाकून एका संशयास्पद ओरखड्याचा अभ्यास करत होतो. मानेवर काहीतरी आदळलं, पण मला वाटलं पक्ष्यानं..." मामा थांबले. मग ताठ झाले. "सुरुवातीपासून मी त्याला माझ्या संरक्षणात ठेवला होता."

रुने इतका हसला, की मायब्रिटला त्याची कॉफी धरावी लागली.

अंतिम फेरीत ज्याच्या नावावर दंडाचे गुण कमी, तो जिंकतो. ज्या खांबांच्या मधून गाडी न्यायची त्यांना धक्का लागला की गुण चढतात, गाडी मागे घेतली की एक चढतो. रुनेचे झाले होते दोन. तोरुन शेवटच्या कातळापर्यंत एकही गुण न घेता पोचली आणि तिथे पुढची चाकं हवेत उचलली जायला लागली. आणखी रेटली तर उलटणार, हे तिच्या अंगठ्याला कळत होतं.

"मागे नको!" मामा ओरडले. "पुढे घाल!"

तोरुननं गाडी मागे घेतली. एक गुण. श्वास सोडला, चाकं थोडी डावीकडे वळवली आणि गाडी पुन्हा कातळाला भिडवली. मऊ टायर दगडावर पसरले, पितळी वजनांनी पुढचा भाग खाली दाबून धरला, आणि गाडी इंच इंच करत दोन्ही खांबांच्या मधून वर जाऊन उभी राहिली.

खाणीत टाळ्या घुमल्या. पण तोरुनचं लक्ष रुनेकडे होतं. सकाळच्या हसण्यावर ऐकवायचं एक झकास वाक्य तिनं दिवसभर घोळवून ठेवलं होतं. रुने आला, गाडीपाशी उकिडवा बसला आणि टायर बोटानं दाबून बघत राहिला.

"एकदा मला चालवू देशील?" त्यानं विचारलं.

ते झकास वाक्य तोरुनच्या तोंडातच विरघळलं. तिनं रिमोट त्याच्या हातात दिला. रुनेनं गाडी खाली नेली आणि त्याच कातळावर चढवायला घेतली, जीभ दातांत धरून, अगदी हळू.

"बघ," मामा कुजबुजले. "गुन्हेगार घटनास्थळी परत येतोच."

"मामा," तोरुन कातळावरची नजर न काढता म्हणाली, "बन खा."