घरात पुरुष नाही

घर दाखवायचंच, तर चारचौघांसारखं दाखवावं, एवढंच शिलाईवालीच्या मनात होतं. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

नवरा परगावी कामाला गेला, तो तिकडचाच झाला. ना फोन, ना निरोप. टाकलेल्या बायकांना सरकार दरमहा मदत देतं, म्हणून तिने अर्ज केला. शिलाई मशीनने मान टाकली होती. मदत मिळाली नाही तर चूल पेटणार कशावर? आज साहेब तपासणीला येणार होते. घरात पुरुष राहत नाही ना, एवढंच त्यांना बघायचं होतं.

पण घर असं बोडकं कसं दाखवायचं? तिने नवऱ्याचा निळा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला. त्याच्या चपला पुसून दारात जोडीने ठेवल्या. (अकलेवरची धूळ तेवढी पुसायची राहिली.)

साहेब दारातच थबकले. "मालक घरीच आहेत वाटतं?"

"ते असते तर सरकारच्या दारात कशाला आले असते मी?"

"मग हा शर्ट?"

"त्यांचाच."

"इस्त्रीचा?"

"चुरगळलेला त्यांना चालत नाही."

साहेबांनी पेन काढलं. तेवढ्यात शेजारच्या काकू मदतीला धावल्या. (अशी मदत वैऱ्यालाही न मिळो.)

"सोन्यासारखं जोडपं हो, साहेब! रोज सकाळी भांडतात. भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू येतो."

"नवऱ्याचाही?"

काकूंनी आठवून पाहिलं. "नाही बाई. तो बिचारा गपच असतो."

साहेबांनी शिलाईवालीकडे पाहिलं. एरवी जिभेवर निखारा ठेवणारी बाई, पण आवाज खाली आला.

"खुर्चीशी भांडते मी. रिकाम्या. सकाळी घर खायला उठतं."

"आणि खुर्ची काहीच बोलत नाही?"

"ते होते तेव्हा तरी कुठे बोलत होते?"

साहेब हसले नाहीत. 'पुरुष राहत नाही' असं लिहून म्हणाले, "होईल तुमचं काम, ताई. पण तो शर्ट आत ठेवा." आणि जिना उतरू लागले.

तिने शर्ट काढून तोंडाशी धरला. आता त्याला नुसता साबणाचा वास येत होता. काम झाल्याचं सांगायचं तरी कोणाला? न राहवून ती खुर्चीकडे वळली आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो, गेले साहेब! या आता बाहेर!"

जिन्यावरची पावलं थांबली. आणि परत वर यायला लागली.