नमुन्यादाखल गुडघा

माल डोळ्यांनी नाही, जिभेनं घ्यायचा! वरूडचे संत्रा-व्यापारी गोपालभाऊ हे वाक्य दिवसातून अकरा वेळा म्हणत. क्रेटमधली वरची फळं म्हणजे लग्नासाठी काढलेला फोटो. खरं घराणं खालच्या थरात! म्हणून हात कोपरापर्यंत आत, तळाचं फळ बाहेर. दाबायचं, हुंगायचं, सोलायचं, एक फोड तोंडात. मग सौदा. या पद्धतीमुळे एकवीस वर्षांत आपल्याला कोणी फसवलं नाही, असं ते स्वतः सांगत. दुसरं कोणी सांगत नसे.

आता गुडघा.

चव्वेचाळिसाव्या वर्षी भरल्या ट्रकवरून उडी मारायची गरज नव्हती. शिडी होती! पण खाली बघणारी चार माणसंही होती. उजव्या गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत गादीला, बोराएवढा खड्डा पडला.

अमरावतीच्या डॉक्टर जुईलींनी समजावलं, "गुडघ्यातल्याच चांगल्या कूर्चेचा एक बारीक तुकडा काढू. प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवू. सहा आठवड्यांनी त्या या खड्ड्यात बसवू. तुमच्याच पेशी, तुमच्याच गुडघ्यात."

"म्हन्जे घरचंच कलम!"

"साधारण."

"मंग तुमी फकस्त बांधा, मॅडम. कलमातलं मले नका शिकवू!"

हिशेब सरळ होता. जूनमध्ये तुकडा, जुलैत ऑपरेशन, ऑक्टोबरात कुबड्या बंद. कारण ऑक्टोबरात आंबिया बहाराच्या, म्हणजे आंब्याच्या मोहोराबरोबर फुललेल्या संत्र्यांच्या, बागांचे सौदे!

"नाईच जमलं तं सौदे मी करीन," बायको चंदा म्हणाली.

गोपालभाऊ इतके हसले, की गुडघा दुखला. "तू? अकोल्याच्या उन्हात वाळलेली बाई! तुले संत्र्यातलं काय समजते?"

चंदानं कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान उलटून पाहिलं. इथेच त्यांनी घाबरायला हवं होतं.

दवाखान्यानं दिलेल्या पत्रकातली सूचना १ : पेशींचा डबा उघडू नये.

सूचना २ ते ६ : गोपालभाऊंनी वाचल्या नाहीत, म्हणून आपणही सोडून देऊ.

ऑपरेशनची सकाळ. प्रयोगशाळेचा सहदेव नागपूरच्या विमानतळावरून गारव्याचा डबा घेऊन आला. डब्यावर नाव गोपालभाऊंचं, म्हणून त्यानं तो सरळ गोपालभाऊंच्याच खोलीत ठेवला आणि डॉक्टरांची सही आणायला गेला. खोलीत हिरव्या झग्यातले गोपालभाऊ, चंदा आणि डबा. तिघांत शहाणे दोघेच. डबा धरून!

"हात नका लावू!" चंदा म्हणाली.

"काहून? माल कोनाचा?"

"तुमचा."

"पिकला कोनाच्या जिवावर?"

"तुमच्या. पन घेतीन तं मॅडम ना!"

"मॅडम बसवनार. घेनार मी!"

चिकटपट्टी दातांनी फाडली गेली. आत बर्फ, बर्फात पाकीट, पाकिटात पाकीट. आणि शेवटी करंगळीएवढ्या दोन कुप्या.

"सहा हप्ते! अन् माल एवढुसा?"

त्यांनी एक कुपी उजेडात धरली. हलवली. हुंगली.

"वरतं नुसतं पानीच दिसून राहिलं. खालचा थर पाहा लागते!"

"अवो, ठेवा ते!" चंदा झेपावली. पण एकवीस वर्षांचा सराव असलेलं बोट! झाकण उघडून ते आत गेलं, बाहेर आलं आणि थेट जिभेवर टेकलं.

गोपालभाऊंनी डोळे मिटून चव घोळवली.

"खारट हाय," गोपालभाऊंनी निकाल दिला.

दारात डॉक्टर जुईली उभ्या होत्या. हातात सही केलेला कागद होता. तो आता कशाचाच कागद नव्हता.

"काय केलंत तुम्ही हे?"

"नमुना पाह्यला, मॅडम. तक्रार नाई आपली. पन जरासा..."

"कुपी उघडली?"

"एकच! दुसरी फकस्त दाबून पाह्यली."

सूचना ७ : वेष्टन फोडलेलं आढळल्यास आतील पेशी वापरू नयेत.

"मंग परत पाठवा हा! दुसरा माल बोलवा!"

"गोपालराव," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "तो माल नव्हता. तो तुमचा गुडघा होता!"

नशीब एवढंच, की प्रयोगशाळेनं थोड्या पेशी गोठवून राखल्या होत्या. त्या वाढायला पुन्हा सहा आठवडे. म्हणजे ऑपरेशन ऑगस्टअखेर. म्हणजे ऑक्टोबरात कुबड्या. म्हणजे सौदे...

गोपालभाऊंनी चंदाकडे पाहिलं. चंदा खिडकीबाहेर पाहत होती. फारच लक्ष देऊन.

(इथे गोष्टीत सहा आठवड्यांचा खड्डा आहे. त्यात बसवण्याजोगं काही घडलं नाही.)

दुसरा डबा आला तेव्हा चंदा दवाखान्याच्या फाटकातच उभी होती. डबा तिनं सहदेवासकट डॉक्टरांच्या ताब्यात दिला. गोपालभाऊंच्या खोलीला बाहेरून कडी होती. ऑपरेशन उत्तम झालं. रोग्याची मदत नसली, की होतं!

ऑक्टोबर. देवरावांची बाग. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत गोपालभाऊ, मांडीवर आडव्या कुबड्या. चंदा बागेच्या चारी कोपऱ्यांत फिरून आली. झाडं पाहिली, फांद्या वाकवून पाहिल्या, झाडाखाली गळून पडलेली फळं मोजली. एकही फळ सोललं नाही. अर्ध्या तासात सौदा झाला! गोपालभाऊंना याच बागेत दरवर्षी दोन दिवस आणि शंभरेक संत्री लागत.

"वयनी, दरसाल तुमीच येत जा!" देवराव मनापासून म्हणाले. मग त्यांना खुर्चीतल्या माणसाची दया आली. त्यांनी एक संत्रं पुढं केलं. "घ्या भाऊ. चाखून पाहा."

चंदानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"यायले संत्रं नका देऊ, देवरावभाऊ. गुडघा असंन तं द्या!"

शेजारच्या बागेत शिड्यांवर संत्री तोडणारे हसता हसता खाली यायचेच राहिले.

गोपालभाऊंना तिथून पळून जावंसं वाटलं. पण...

सूचना ११ : वर्षभर धावू नये.

ही मात्र त्यांनी वाचली होती.