आतून उघडणारा ओव्हन

"दाराचं मला सांगू नका," असं मिस्त्री म्हणाले की समोरचा माणूस गप्प बसायचा. कारण आजूबाजूच्या निम्म्या घरांची दारं त्यांनीच बसवलेली. त्यांचं दार बोटाने ढकललं तरी लोण्यात सुरी जावी तसं मिटायचं, आणि एकदा मिटलं की चोराने डोकं आपटून घेतलं तरी हलायचं नाही. आणि अशा माणसाच्या घरातल्या ओव्हनचं दार मात्र धड लागत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ओव्हन बायकोचा. जुना, विजेवर चालणारा, तिजोरीसारखा जड. थंडीच्या सुट्ट्या लागल्या की ती त्यात केक करायची. मनुका आदल्या दिवशी संत्र्याच्या रसात भिजवायच्या, साल किसायची, लोणी आणि साखर फेसत बसायचं. कशाची घाई नाही. केक आत गेला की दार कोणीतरी दाबून धरावं लागे, आणि ते कोणीतरी म्हणजे मिस्त्री. स्टुलावर बसायचं, पोत्याची जाड घडी दाराला लावायची आणि तिच्यावर गुडघा टेकायचा. केक होईपर्यंत हलायचं नाही. पलीकडे ती दुसऱ्या केकचं पीठ कालवत जगभरच्या गप्पा मारायची. खिडकीची काच वाफेने पांढरी व्हायची आणि मिस्त्रींना हटकून डुलकी यायची.

"अगं, चुटकीसरशी बसवून देतो हे दार," ते दर थंडीत म्हणायचे.

"राहू दे. आधी तुमची गिऱ्हाइकं बघा," ती दर थंडीत म्हणायची.

सगळ्या गावाचा आपल्या हातावर भरवसा आणि बायकोचा नाही, हे मिस्त्रींना फार लागायचं.

उन्हाळ्यात ती गेली. थंडी पडली तसा लेकीचा फोन आला. ती परगावी नोकरीला.

"बाबा, या सुट्टीत मी नाही येत. तुम्हीच या ना इकडे."

"का गं?"

लेक म्हणाली, "जिना चढतानाच केकचा वास यायचा. आता दार उघडायचं आणि वासच नाही. मला नाही जमायचं."

"वास येणार," मिस्त्री म्हणाले. "केक मी करतोय. तू फक्त ये."

"तुम्ही? बाबा, तुमचा चहासुद्धा..."

"चहाचं सोड. तू ये."

बोलून तर बसले. पण विचार केला तेव्हा त्यांना ते फारसं अवघड वाटलं नाही. इतकी वर्षं स्टुलावर बसून त्यांनी बायकोचा हात पाहिला होता. पीठ चमच्यावरून कसं ओघळायला हवं, ते त्यांना पाठ होतं. प्रश्न एकच होता, दाराचा. आणि या वेळी "राहू दे" म्हणणारं कोणी नव्हतं.

केकचा डबा काढायला त्यांनी बायकोची पत्र्याची पेटी उघडली. चाळणी, ब्रश, साचे, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक जाड स्प्रिंग. ही कशाची म्हणायची? अंडी फेटायच्या यंत्राची असेल, असं म्हणून त्यांनी ती खिडकीत ठेवली आणि हत्यारं काढली.

मग त्यांनी ओव्हनला असं दार बसवलं की बँकेने हेवा करावा. बिजागऱ्या नव्या. त्यांचे स्क्रू दार मिटल्यावर दिसणार नाहीत असे, म्हणजे चोराला काढता येऊ नयेत. कडेने रबराची पट्टी, म्हणजे वारा जायला नको. आणि वर आपोआप लागणारी कडी. दार उघडं ठेवून त्यांनी कडीची मूठ फिरवून पाहिली. जीभ आतबाहेर अशी सरकली, की मिस्त्रींना स्वतःच्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली.

लेक यायच्या दिवशी सकाळीच ते कामाला लागले. मनुका भिजल्या होत्या. लोणी फेसता फेसता हात भरून आला, पण पीठ चमच्यावरून अगदी तसंच ओघळलं. डबा ओव्हनमध्ये ठेवून त्यावर लेव्हल लावून पाहिली. बुडबुडा बरोबर मधोमध. दार ढकललं. टक.

ते स्टूल आणि पोतं आता हवंच कशाला? मिस्त्री बाहेरच्या खोलीत जाऊन ऐटीत पेपर वाचत बसले.

वास आला. पण तो संत्र्याचा नव्हता. कोणीतरी सायकलचा टायर तव्यावर परतत असावं, असा होता.

रबर! मिस्त्री धावले. दाराच्या कडेने काळा धूर निघत होता. त्यांनी कडीकडे हात नेला, आणि हात हवेतच राहिला. कडीला बाहेरून मूठच नव्हती.

सगळं आयुष्य मिस्त्रींनी दारं बसवली ती आतल्या माणसाच्या सोयीने. बाहेरच्याला उघडता येऊ नये, आतल्याला सहज यावं. सवयीने इथेही त्यांनी मूठ आतल्या बाजूला बसवली होती. दार आतून अगदी सहज उघडत होतं. आणि आत केक होता.

एवढ्यात शेजारच्या नर्सबाई ओला टॉवेल घेऊन आल्या. बाई नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्या आवाजाला ते कोणी कळवलं नव्हतं.

"मिस्त्री, आधी बटण बंद करा. बाजूला व्हा. आत कोण अडकलंय?"

"केक."

"अहो, मग दार उघडा ना."

"ते आतून उघडतं, बाई."

नर्सबाईंनी आधी धुराकडे पाहिलं, मग मिस्त्रींची नाडी धरली.

"मी शुद्धीत आहे," मिस्त्री म्हणाले.

"ते मी ठरवते. बिजागऱ्या काढा."

"निघत नाहीत. चोरांसाठी तशाच केल्यात."

"केक चोरायला कोण येणार होतं?"

रबर वितळून दाराशी बारीकशी फट पडली होती, तेवढाच आधार. मिस्त्रींनी लोखंड कापायचं पातं फटीत घातलं आणि आपलीच कडी कापायला बसले. कडी उत्तम होती. कापता कापली जात नव्हती. आज त्यांना प्रथमच चोरांची दया आली. बाई मागे उभ्या राहून टॉवेलने वारा घालत होत्या.

"बाबा?"

लेक बॅग घेऊन दारात उभी होती. नाकाला रुमाल.

"काय चाललंय?"

"ओव्हन उघडतोय," मिस्त्री मान वर न करता म्हणाले.

"आईला कधी करवत लागली नाही."

कडी तुटली, दार उघडलं. डब्यात एक काळी वीट होती. उंबऱ्याला लावली असती तर पिढ्यान् पिढ्या टिकली असती. नर्सबाईंनी वीट पाहिली, बापलेकीचे चेहरे पाहिले, आणि कुकर लावलाय म्हणून निघून गेल्या.

मिस्त्री तिथेच जमिनीवर बसले. "तुला वासासाठी बोलावलं," ते म्हणाले, "आणि हा असला वास. तिला माहीत होतं बघ. म्हणून कधी हात लावू दिला नाही मला या दाराला."

लेकीने खिडकी उघडली आणि तिथेच थांबली. "ही कुठे सापडली?" तिच्या हातात ती स्प्रिंग होती.

"तिच्या पेटीत. अंडी फेटायच्या यंत्राची."

"बाबा, तुम्ही दारांचे मिस्त्री ना? ओव्हनच्या दाराची आहे ही. मी शाळेत होते तेव्हा आईने स्वतः काढली, माझ्यासमोर."

"काढली? चांगली स्प्रिंग? का म्हणून?"

"मीही हेच विचारलं. तर म्हणाली, हा माणूस जगाची दारं बसवत फिरतो, घरात म्हणून टेकत नाही. बसू दे जरा माझ्याजवळ. बाबांना सांगू नकोस, असंही म्हणाली."

मिस्त्रींनी स्प्रिंग हातात घेतली. ओढून पाहिली. मग नाक पुसलं आणि धूर फार झालाय म्हणाले. धूर केव्हाच गेला होता.

दुपारी दोघांनी मिळून ओव्हन घासला, रबर खरवडून काढलं. मनुका थोड्या उरल्या होत्या. लेकीने साल किसायला घेतली आणि विचारलं, "कडी तर गेली. ही स्प्रिंग बसवता का?"

"राहू दे," मिस्त्री म्हणाले. त्यांनी स्टूल ओढलं, पोत्याची घडी केली आणि गुडघा दाराला लावला. लेक आपल्या ऑफिसातल्या गमती सांगत राहिली. काच पांढरी झाली. हळूहळू संत्र्याचा वास सुटला, आधी स्वयंपाकघरात, मग बाहेरच्या खोलीत, मग जिन्यात. लेक बोलता बोलता थांबली आणि तिने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मिस्त्रींनी ते पाहिलं. मग त्यांना डुलकी लागली. त्यात पोतं कधी सरकलं, ते कळलंच नाही.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. त्यांनी एक तुकडा खाल्ला, मग मिस्त्रींना स्टुलावर बसवून मलम काढलं.

"केक मधे कच्चा आहे," त्या म्हणाल्या. "गुडघा मात्र छान भाजलाय."