फलाट क्रमांक चारवरचं लग्न

जिलानीभाई आरशासमोर उभे राहून शेरवानीची बटणं लावत होते आणि गौसिया दारातून त्यांच्याकडे बघत होती.

"अजी, एकतीस वर्षं पंख्याखाली बसून गाड्या पुकारल्या. चार वर्षं नोकरी बाकी होती, ती सोडली. कशासाठी? तर लोकांच्या लग्नात शायरी बोलायला!"

"निवेदन म्हणतात त्याला."

"म्हणू द्या. आज जमलं तर ठीक. न्हाई जमलं, तर उद्यापासून आसिफच्या गादीघरात बसायचं. मी भावाला शब्द दिलाय."

गादीघरातला तो उडता कापूस आठवूनच जिलानीभाईंना ठसका लागला.

लातूरच्या एसटी स्थानकावर ज्यांनी कधी गाडीची वाट पाहिली असेल, त्यांच्या कानात जिलानीभाईंचा आवाज अजून असेल. तेव्हा गाडीची पाटी वाचायला कुणी जात नसे. लोक त्या आवाजावर उठायचे. डोळे मिटून, सावकाश, जिलानीभाई गावांची नावं घेत. चाकूर, अहमदपूर, लोहा... ऐकताना वाटायचं, पुढं कुठंतरी चिंचेच्या सावलीत आपली कुणी वाट बघतंय. खरं म्हणजे त्यातल्या निम्म्या गावांना ते स्वतः कधी गेलेच नव्हते. खिडकीशी बसल्या बसल्या सगळी मनातच पाहिली होती.

रेणापूरच्या मंगल कार्यालयात मुलीचे वडील अण्णाराव दारातच भेटले. मुहूर्त बारा एकतीसचा. बारा वाजत आले होते आणि मुरुडच्या नवरदेवाचा पत्ता नव्हता.

"मारुतीपाशी हायत," अण्णाराव घाम पुसत म्हणाले. "तासभर झाला, नाचूनच राहिलेत. जिलानीभाई, तुम्ही बोलत ऱ्हावा. पाव्हणे लांबून आलेत. एकालाबी उठू देऊ नका!"

जिलानीभाई बोलू लागले. महिनाभर घोकलेल्या चारोळ्या दहा मिनिटांत संपल्या. मग त्यांनी मांडववाल्याचे आभार मानले, आचाऱ्याचे मानले, फुलवाल्याचे दोनदा मानले. बँड अजून लांबच वाजत होता. शेवटी अण्णारावांनी पाहुण्यांच्या गावांची यादी हातात दिली. "गावागावाचं स्वागत करा. तेवढाच वेळ जाईल."

तिथंच घात झाला. वर पंखा घरघरत होता. मोगऱ्याचा वास दाटला होता. "नांदेड," जिलानीभाई म्हणाले, आणि डोळे आपोआप मिटले. पापण्यांच्या आत दुपारचा रिकामा रस्ता लांबवर गेला, विष्णुपुरीचं पाणी चमकलं, आणि एकतीस वर्षांची वाट आवाजाला आपसूक सापडली.

"चाकूर, अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे. गाडी सुटण्याच्या तयारीत आहे."

नांदेडकर उठले. आपण रेणापुरात आहोत, इथं फलाट नाही, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. पिशव्या उचलल्या, चपला शोधल्या, अक्षता तशाच मुठीत. पावलांचा तो ओळखीचा गलबला कानी पडताच जिलानीभाई आणखीच रंगले. उदगीरची गाडी लागली. देगलूरची लागली. देगलूरच्या शिवम्मा सुनेला ओढत निघाल्या, "चल गं बाई, जागा न्हाई मिळायची!" ज्यांची गाडी पुकारली नव्हती, तेही सगळे निघाले म्हणून निघाले.

निलंग्याची गाडी लावून जिलानीभाईंनी डोळे उघडले. समोर लाल खुर्च्या होत्या, नुसत्या. मधोमध अण्णाराव डोकं धरून बसलेले.

"भाई," ते कसेबसे म्हणाले, "हे काय केलंत?"

जिलानीभाईंच्या डोळ्यांपुढं कापूस उडू लागला.

इकडं चारशे माणसं रस्त्यावर गाडी शोधत थेट मारुतीपर्यंत गेली आणि वरातीवर धडकली. नवरदेवाचे वडील रेवणप्पा घोड्याच्या पुढं नाचत होते. समोरून अख्खा मांडव येताना पाहिला, प्रत्येकाच्या मुठीत अक्षता पाहिल्या, आणि त्यांचे पाय थांबले.

"बंद करा ते वाजवणं!" ते बँडवर ओरडले. डोळे भरून आले होते. "अरे, सगळा मांडव आपल्याला न्यायला आलाय. असा मान कुणी दिला होता का? उतर रे खाली, चालत चल!"

एवढ्यात पाहुणेही भानावर आले. कशाला आलो होतो, हे कुणाला सांगायचं! सगळे गुपचूप वरातीबरोबर माघारी फिरले. बारा वाजून एकतीस मिनिटांनी अक्षता पडल्या. भटजींनी घड्याळ दोनदा कानाला लावून पाहिलं.

जेवणं झाली तेव्हा जिलानीभाईंभोवती तिघं जण उभे होते. तिघांच्या घरी लग्न होतं.

"शायरी न्हाई केली तरी चालंल," त्यातला एक म्हणाला, "पण वरात टायमाला आणायची."

तेवढ्यात अण्णाराव कानाशी आले. "भाई, चार वाजले. व्याही जेवून लोडाला टेकलेत, हलून न्हाई राहिले. आता मुरुडची गाडी लावा की."

माईक हातात घेणार, तोच खिशातला फोन वाजला.

"काय झालं?" गौसियानं धास्तावून विचारलं. "लोकांना आवडलं का तुमचं बोलणं?"

"आवडलं म्हणजे काय," जिलानीभाई म्हणाले, "अख्खा मांडव उठून उभा राहिला."